डुक्कर काहीही खातं, हे आधी डोक्यातून काढा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या शेतीच्या पानावर वराहपालनावर अर्धं पान आलं होतं. वाचून आधी खूप बरं वाटलं, कारण गाई म्हशी शेळ्या कोंबड्या यांच्यावर सारखं काही ना काही येत असतं पण आमच्या जनावराचं नाव घ्यायलासुद्धा लोकं कचरतात. पण त्या लेखात एक वाक्य होतं की डुक्कर काहीही खातं त्यामुळे हॉटेलच्या खरकट्यावर जवळपास बिनखर्चात हा धंदा होतो. साहेब, याच वाक्यावर विश्वास ठेवून मी सहा वर्षांपूर्वी धंदा सुरू केला आणि पहिल्याच वर्षी ६३ पिल्लांपैकी १९ माझ्या हातानं उसाच्या बांधाला पुरली. म्हणून हे पत्र लिहितोय. लांब झालंय, कापायचं असेल तर कापा पण छापा.

मी दौंड तालुक्यातला शेतकरी, चार एकर ऊस आणि शेडमध्ये ८ माद्या, १ नर, सगळी लार्ज व्हाईट यॉर्कशायर जातीची. भावकीत बरेच जण अजून माझ्या घरचं पाणी पीत नाहीत, ते असू दे, तो विषय वेगळा.

सगळ्यात आधी एक साधी गोष्ट सांगतो जी मला कोणी सांगितली नव्हती. गाईच्या पोटाला चार कप्पे असतात, ती वाळलेलं वैरण सुद्धा आतल्या जंतूंच्या जोरावर पचवते. डुकराचं पोट आपल्यासारखं, एकच. ते दिसेल त्यात तोंड घालेल पण तोंड घालणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं, आणि जे पचत नाही ते पुढच्या आतड्यात जाऊन सडतं आणि तिथं नको ते जंतू माजतात. आजाराची सुरुवात तिथून होते, आपण मात्र मेडिकलमध्ये जाऊन उभे राहतो.

माझी पहिली बॅच मी ४५ दिवसांची झाल्यावर एकाच दिवशी सगळी आईपासून तोडली आणि दुसऱ्या खणात टाकली, पुढ्यात मोठ्या जनावरांचाच भरडा आणि हायवेच्या ढाब्यावरून आणलेलं खरकटं. पहिला दिवस पिल्लं नुसती ओरडत होती, खाल्लं कोणीच नाही. दुसऱ्या दिवशी भूक अनावर झाली आणि तुटून पडली, मला वाटलं झालं, लागली खायला. तिसऱ्या दिवशी पहाटे शेडमध्ये गेलो तर वासच वेगळा. पिवळी पाण्यासारखी हगवण, शेपट्या ओल्या, मागचा भाग लालभडक झालेला, आणि जी पिल्लं आदल्या दिवशी सगळ्यात जास्त खात होती तीच कोपऱ्यात एकमेकांवर पडून थरथरत होती. जी सगळ्यात धष्टपुष्ट तीच आधी गेली, हे मला तेव्हा कळलंच नाही का ते.

तालुक्याच्या एका खाद्याच्या दुकानात गेलो तर त्यांनी पावडरचा पुडा दिला, पाण्यात टाका म्हणाले, सगळे हेच नेतात. टाकली. हगवण थांबली. पुढच्या बॅचला पुन्हा तेच झालं, पुन्हा टाकली, मग तर मी हगवण लागायची वाटच बघायचो नाही, पिल्लं तोडली की त्याच दिवशी पावडर. तिसऱ्या बॅचला पावडर टाकूनही पिल्लं मेली. तेव्हा कुठं मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना घरी घेऊन आलो. त्यांनी पुडा उलटा केला, चष्मा वर करून वाचलं आणि गप्पच बसले. त्यात कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक होतं. हे औषध खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना, कोंबड्यांना, त्यांच्या खाद्यात द्यायला आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे, कारण आयसीयूमधल्या पेशंटला जेव्हा बाकी कुठलंच अँटिबायोटिक लागू पडत नाही तेव्हा डॉक्टर शेवटी याच्याकडं येतात. आणि मी ते पिल्लांच्या पाण्यात मापाशिवाय ओतत होतो. माझा सख्खा मामा पुण्यात आयसीयूत अकरा दिवस होता, त्याची आठवण आली आणि पोटात कालवलं.

डॉक्टरांनी नवीन औषध लिहून दिलं नाही, उलट मलाच प्रश्न विचारत बसले, काय खायला देतो, कितव्या दिवशी सुरू केलं, बारीक दळतो का जाड, पाणी कुठून येतं, तोडल्यावर पहिल्या रात्री किती खाल्लं. मी म्हटलं साहेब औषध सांगा. ते म्हणाले तुझं औषध गव्हाणीत आहे.

मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत लिहितो. आपल्या जठरात आम्ल असतं, ते अन्न फोडतं आणि जंतूही मारतं. लहान पिल्लाच्या जठरात हे आम्ल पुरेसं तयारच होत नाही, दूध पीत असतं तोवर दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल होतं आणि काम भागतं. दूध तोडलं की तो आधार गेला. त्यात एक दोन दिवस पिल्लू उपाशी राहिलं की आतड्याच्या आतल्या बाजूला अन्न शोषून घेणारी जी बारीक बारीक बोटांसारखी लव असते ती झडून आखूड होते. आणि नेमकं त्याच वेळी आपण भरपूर सोयाबीन पेंडेचा जड खुराक पुढ्यात टाकतो, पिल्लू उपाशी असतं म्हणून हावऱ्यासारखं खातं, ते फुटत नाही, पचत नाही, खाली जाऊन सडतं आणि ई. कोलाय नावाचे जंतू त्यावर पोसतात. म्हणून जास्त खाणारी आधी गेली.

आई ओट्यावर बसून ऐकत होती, ती म्हणाली, अरे लेकराचं उष्टावण करतो तेव्हा आपण वाटीत वरणाचं पाणी आणि मऊ भात देतो, पहिल्या दिवशी भाकरी आणि मटणाचा रस्सा देतो का? डॉक्टर म्हणाले मावशी, मी अर्धा तास बोललो ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत.

तेव्हापासून आमच्या शेडमध्ये पिल्लांचं उष्टावण होतं, आम्ही शब्दच तो वापरतो. दहाव्या दिवसापासून, आई अजून पाजत असतानाच, मूठभर खाद्य वेगळ्या कोपऱ्यात ठेवायचं जिथं मादीचं तोंड पोचणार नाही. सुरुवातीला खात नाहीत, नाकानं उडवतात, तरी रोज ताजं ठेवायचं आणि कालचं उचलून मादीला टाकायचं. यात भाजलेल्या मक्याचा भरडा, थोडी सोया डीओसी म्हणजे तेल काढलेली सोयाबीन पेंड आणि दूध पावडर, वर थोडं ताक शिंपडून ओलसर. आईपासून तोडल्यावर किमान दोन आठवडे तेच खाद्य, एका दाण्याचा फरक नाही, त्याच खणात, फक्त मादी हलवायची, पिल्लं नाही. आणि पहिले तीन चार दिवस दिवसातून पाच सहा वेळा थोडं थोडं. त्याचा त्रास आहे, रात्री अकराला आणि पहाटे चारला उठावं लागतं, माझी बायको आणि मी पाळी लावतो. पण तोडल्याच्या पहिल्या रात्री प्रत्येक पिल्लाच्या पोटात चार घास गेलेत का हे बघणं यापेक्षा मोठं औषध मी तरी बघितलेलं नाही.

प्रोटीनबद्दल आमच्याकडं फार गैरसमज आहे. जास्त पेंड म्हणजे जास्त वाढ असं सगळ्यांना वाटतं. आता लहान पिल्लांच्या खाद्यात प्रोटीन २२ टक्क्यांवरून १८ च्या आसपास आणतात आणि जे कमी पडतं ते लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन असे प्रोटीनचेच घटक वरून मोजून देतात. डुकराच्या खुराकात मका मुख्य आणि मक्यात नेमकं लायसिनच कमी. भाकरी थापायला पीठ परातभर आहे पण पाणीच संपलं तर त्या पिठाचा उपयोग काय, तसं लायसिन कमी पडलं की बाकीचं प्रोटीन वाया जातं, आणि वाया गेलेलं म्हणजे पुन्हा हगवणच.

आणि चुनखडी. ही चूक मी बघितलेल्या जवळजवळ प्रत्येक शेडमध्ये आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. हाडं मजबूत व्हावीत म्हणून लोकं खाद्यात चुनखडीची पावडर हातानं, अंदाजानं टाकतात, स्वस्त मिळते ना. पण चुनखडी आम्ल मारते, आपण ॲसिडिटीला गोळी खातो तीच गत, म्हणजे पिल्लाच्या जठरात जे थोडं आम्ल आहे तेही आपणच संपवतो. शिवाय कॅल्शियम जास्त झालं की झिंक अंगी लागत नाही. माझ्या दोन वाढत्या पिल्लांच्या पायावर, पोटावर खपल्या धरल्या, कातडी भेगाळली, मी खरूज समजून इंजेक्शनं देत बसलो, एक नाही तीन वेळा, काडीचा फरक नाही. डॉक्टरांनी बघितलं, ही पिल्लं खाजवतात का विचारलं, मी म्हटलं नाही, तेव्हा त्यांनी खाद्याचं पोतं उघडायला लावलं. चुनखडी कमी केली, मिनरल मिक्श्चर वजनकाट्यावर मोजून द्यायला लागलो, दोन तीन आठवड्यांत कातडी साफ. आजार कातडीचा नव्हताच, पोत्याचा होता.

आता सरकी पेंड. आपल्याकडं घरोघरी जनावरांना सरकी असते, त्यामुळं डुकरांनाही टाकतात, मीही टाकली. सरकीत गॉसिपॉल म्हणून विषारी घटक असतो, गाई म्हशीचं मोठं पोट ते बरंचसं निकामी करतं पण डुकराला ते जमत नाही. लगेच काही होत नाही हीच तर फसगत, आठवडे महिने जातात आणि मग एखादं चांगलं वाढलेलं जनावर धापा टाकायला लागतं, हृदयावर परिणाम झालेला असतो, आणि मरतं. शेजारचा म्हणतो दृष्ट लागली. तसंच कच्चं सोयाबीन. घरचं सोयाबीन आहे, पेंड विकत कशाला घ्यायची म्हणून भरडून देतात. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेनं जातात, म्हणून व्यवस्थित भाजल्याशिवाय किंवा शिजवल्याशिवाय डुकराला देऊच नका.

मक्याचं तर काय सांगू. तीन वर्षांपूर्वी पावसात भिजलेला मका एका व्यापाऱ्याकडून स्वस्तात घेतला, क्विंटलमागं चांगले पैसे वाचले म्हणून खूश होतो. पंधरा वीस दिवसांत माझ्या चार महिन्यांच्या पाटी, म्हणजे तरण्या माद्या, ज्यांचं अजून माजावर यायचं वयच नव्हतं, त्यांचं निरण, म्हणजे योनीचा बाहेरचा भाग, सुजून लाल झालं. मला वाटलं लवकर वयात आल्या. एका गाभण मादीनं गाभ टाकला. पोत्यात हात घातला तर आतला मका कोमट लागला आणि बोटांना निळसर गुलाबी भुकटी चिकटली, वास जुन्या ओल्या गोणपाटासारखा. मक्यावरच्या एका बुरशीपासून झिअरॅलेनोन नावाचं विष तयार होतं, ते शरीरात मादीच्या हार्मोनसारखं वागतं, आणि सगळ्या जनावरांत डुकराला त्याचा त्रास सगळ्यात जास्त. दुसरी बुरशी असेल तर जनावर खाणंच सोडतं, उलट्या करतं, अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष असेल तर लिव्हर खराब होऊन रोगाशी लढायची ताकद जाते. उन्हात वाळवून बुरशी दिसेनाशी होते, विष तसंच राहतं. आता मी मका घेताना दाताखाली दाणा फोडून बघतो, कट्ट आवाज आला पाहिजे, १३-१४ टक्क्यांच्या वर ओल असलेला मका कितीही स्वस्त असला तरी घेत नाही, आणि पोती भिंतीपासून लांब फळ्यांवर ठेवतो.

माद्यांचं थोडक्यात लिहितो. गाभण मादीला वाटेल तेवढं खाऊ घालू नका, दिवसाला दोन सव्वादोन किलो पुरतं, लठ्ठ मादी विताना अडते आणि नंतर खात नाही. गाभणपणाचे ११४ दिवस भरत आले की गव्हाचा कोंडा, हिरवा लसूणघास वाढवायचा, पोट साफ राहिलं पाहिजे, बद्धकोष्ठ झालेल्या मादीला ताप येतो, कास दगडासारखी होते आणि दूध आटतं. व्याल्यावर मात्र हात आखडायचा नाही, हळूहळू वाढवत दिवसाला पाच सहा किलोपर्यंत न्यायचं, आणि पाणी वीस तीस लिटर लागतं, बरीच जण खाद्य मोजतात पण पाण्याच्या नळीच्या निपलमधून पाणी येतंय का ते बघत नाहीत. पाणी तुटलं तर साधं खाद्यातलं मीठ विषासारखं मेंदूला बाधतं, हे मी शेजारच्या तालुक्यात एका मित्राच्या शेडवर डोळ्यानं बघितलंय, मोटर जळाली होती आणि दीड दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि चीक! पिल्लाला आईच्या पोटात रोगप्रतिकारक शक्ती मिळतच नाही, ती सगळी चिकातून मिळते आणि तीही पहिल्या २४ तासांतच आतड्यातून रक्तात जाते, म्हणून जन्मल्यावर पहिल्या काही तासांत बारकी पिल्लं धरून सडाला लावायची. तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन, कारण पिल्लाला रोज ७ मिलिग्रॅम लोह लागतं आणि आईच्या दुधातून मिळतं जेमतेम १.

आता त्या खरकट्याकडं येतो, ज्याच्यामुळं हे पत्र लिहायला बसलो. खरकट्यात मांस असतं, कुठलं असतं ते माहीत नसतं. ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ खुरकताची जी साथ आली, ज्यात साठ लाखांच्या वर जनावरं मारावी लागली, तिचा माग काढत गेले तेव्हा सुरुवात अशाच एका डुकरांच्या फार्मवर सापडली जिथं खरकटं नीट न शिजवता घातलं जात होतं. त्याच वर्षी तिथं खरकटं खायला घालण्यावर बंदी आली. आपल्याकडं २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर आला, २०२२ मध्ये केरळात वायनाडपर्यंत पोचला. या रोगावर औषध नाही, आणि याचा विषाणू कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसात महिनोन्महिने जिवंत राहतो. माझं उद्या जे व्हायचं ते होईल, पण एका घमेल्यातून अख्ख्या तालुक्याची डुकरं जाऊ शकतात. ज्यांना खरकट्याशिवाय परवडतच नाही, आणि असे बरेच गरीब पालक आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही, त्यांनी निदान ते ढवळत ढवळत ९० अंशांवर एक तास शिजवलं पाहिजे, नुसती उकळी आणून उतरवायचं नाही. आणि मांसाचं खरकटं घेऊच नये. भाजी मंडईतला पाला, बेकरीचा चुरा, डेअरीची निवळी म्हणजे पनीर काढल्यावर उरलेलं पाणी यावर भागत असेल तर जास्त चांगलं, आंबट निवळी आणि ताक तर पिल्लांच्या पोटाला चांगलंच.

कोणी म्हणेल औषधाशिवाय मोठे फार्म चालूच शकत नाहीत. डेन्मार्कमध्ये माणसांपेक्षा डुकरं जास्त आहेत. तिथल्या शेतकऱ्यांनी वाढीसाठी खाद्यात टाकायची अँटिबायोटिक्स १९९८ मध्ये मोठ्या जनावरांची आणि १९९९ संपेपर्यंत लहान पिल्लांची बंद केली. सोपं गेलं नाही त्यांना, पिल्लांची हगवण वाढली, सुरुवातीला उपचाराची औषधं जास्त लागली. पण मग त्यांनी खाद्यावर काम केलं, प्रोटीन कमी, खाद्यात सेंद्रिय आम्लं, आंबवलेलं पातळ खाद्य, पिल्लं जरा उशिरा तोडणं. २००६ पासून सगळ्या युरोपियन युनियनमध्येच ही बंदी आली. हगवणीवर झिंक ऑक्साईडचा मोठा डोस द्यायचे तोही २०२२ च्या जूनपासून बंद झाला कारण ते झिंक विष्ठेतून जमिनीत साचत होतं. त्यांच्याकडं जमतं तर माझ्या आठ माद्यांच्या शेडमध्ये का जमू नये? मागच्या वर्षी माझी ७१ पिल्लं आईपासून तोडली, ४ गेली. अँटिबायोटिक फक्त एकदा लागलं, एकाच खणाला, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

गैरसमज नको म्हणून हेही लिहितो, खुराक म्हणजे लस नव्हे. क्लासिकल स्वाइन फीवरची (हा वर लिहिलेल्या आफ्रिकनपेक्षा वेगळा रोग) लस वेळेवर द्यायचीच, जंताचं औषध द्यायचंच, आणि पिल्लू आजारी पडलं तर ताक पाजत बसायचं नाही, डॉक्टरला बोलवायचं.

साहेब, राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाला ५० टक्के अनुदान आहे, १०० माद्या आणि १० नरांच्या युनिटला ३० लाखांपर्यंत, त्यामुळं आमच्या भागात बरीच तरुण पोरं फॉर्म भरतायत. रोज एखाद्याचा फोन येतो, शेड किती फुटाची, जाळी कुठली, विक्री कुठं. खायला काय घालायचं हे अजून एकानंही आधी विचारलेलं नाही, विचारतात ते पिल्लं मरायला लागल्यावर, आणि तेव्हा त्यांच्या हातात तोच पुडा असतो. माझी विनंती एवढीच की तुमच्या पानावर एक रविवार या विषयाला द्या, मुंबईच्या किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय कॉलेजमधल्या आहारशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकांकडून आपल्याकडं मिळणाऱ्या मका, कोंडा, डीओसी, तांदळाची पॉलिश यावर पिल्लांचा, वाढत्यांचा, गाभण माद्यांचा आणि पाजणाऱ्या माद्यांचा असा वेगवेगळा खुराक किलोच्या हिशोबात लिहून घ्या आणि तो तक्ता मोठ्या अक्षरात छापा, म्हणजे शेडच्या दारावर चिकटवता येईल. आणि बुरशीच्या विषासाठी मक्याचा नमुना कुठं तपासून मिळतो, किती पैसे लागतात, तेही त्यात द्या. माझी पुढची बॅच येत्या पंधरवड्यात तुटणार आहे, तोपर्यंत छापलंत तर पहिला तक्ता माझ्या दारावर लागेल.

आपला नियमित वाचक,
एक वराहपालक शेतकरी,
ता. दौंड, जि. पुणे